धुरपदा सायाळीचा रानकांदा

एका जंगलात, अगदी टोकाला, जिथे वर चढायचा झाडांनाही कंटाळा यायचा, तिथे एक खडकाळ उतार होता. हिवाळ्यात तिथे बर्फ पडायचा. उन्हाळ्यात तिथले दगड तव्यासारखे तापायचे. आता बाळांनो, "हत्ती-म्हशी असतात त्या जंगलात बर्फ कसा?" असं विचारू नका. हत्ती बोलतो ते तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मग बिचाऱ्या बर्फानेच तुमचं काय घोडं मारलंय?

तर त्या उतारावर बर्फ वितळला की दगडादगडांतून एक फूल वर यायचं. आतून पांढरंशुभ्र. बाहेरून पाकळीवर लाल पट्टा, कुंकवाचं बोट ओढल्यासारखा. ऊन पडलं की उघडायचं आणि ढग आला की मिटून घ्यायचं. पंधरा दिवस असा थाट चालायचा. मग फूल वाळायचं, पान वाळायचं, आणि जमिनीखाली एक कांदा तेवढा वर्षभर ढाराढूर झोपायचा.

जंगलात त्याला रानकांदा म्हणत. म्हणजे खरं तर कुणी काहीच म्हणत नसे, कारण कुणी बघतच नसे. बघायची ती एकटी धुरपदा सायाळ. तिचं बीळ त्याच उतारावर होतं आणि रानकांदा हा तिचा जेवणातला मुख्य पदार्थ होता.

धुरपदाची कांदा खायची एक रीत होती. ही रीत तिच्या सासूने घालून दिली होती. मोठा कांदा उकरायचा आणि खायचा. त्याला चिकटलेले बारके कांदे दातांनी सोडवून मोकळ्या मातीत ढकलायचे. मग त्या मातीवर पाय द्यायचा आणि मगच उठायचं. पाय न देता उठलं की सासू पाठीत काटा टोचायची. आणि सायाळीचा काटा म्हणजे काय असतो ते ज्याला टोचलाय त्यालाच ठाऊक!

असं का करायचं, ते सासूला माहीत नव्हतं. धुरपदालाही माहीत नव्हतं. पण दरवर्षी ती जितके कांदे खाई, त्याहून जास्त उगवत. धुरपदाला वाटे, जगात सगळंच असं असतं.

एका वसंतात उत्तरेकडे निघालेला एक चक्रवाक पक्षी दम खायला त्या उतारावर उतरला. त्याने फूल पाहिलं आणि चोच वासून मागच्या मागे कोसळला.

"ट्यूलिप!" शुद्धीवर आल्यावर तो ओरडला. "अस्सल रानट्यूलिप! अहो, आमच्या तिकडे याच्यासाठी राजे वेडे झालेत, राजे!"

झालं! जंगलात आग लागावी तशी बातमी पसरली. ज्यांनी जन्मात त्या उताराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते धावत सुटले. माकडं आली, ससे आले. हरणांनी फुलांसमोर मान तिरकी करून उभं राहायला सुरुवात केली. जो तो म्हणू लागला, "आम्हाला लहानपणापासून फार आवड हो ट्यूलिपची!"

जंगलाचे राजे अस्वलमहाराज. ते स्वतः पाहणीला आले. सोबत त्यांचे दिवाण, कोल्होबा.

"आपल्या राज्यात ट्यूलिप आहे," महाराज गहिवरून म्हणाले, "आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"महाराज, सांगायला जीभ रेटत नाही," दिवाणजी म्हणाले, "पण ती पलीकडे बसलेली बाई ते खातेय."

सगळं जंगल वळून बघू लागलं. धुरपदाच्या तोंडात अर्धा कांदा होता. ती घाईघाईने गिळायला गेली आणि तिला ठसका लागला.

त्याच दुपारी समिती नेमली गेली. 'रानट्यूलिप संरक्षण, संवर्धन, सुशोभीकरण व सत्कार समिती'. नाव एवढं लांब होतं की सभासदांना ते एका दमात म्हणता येईना. चक्रवाक तज्ज्ञ झाला. पाण्याचं खातं म्हशीला मिळालं, कारण तिला पाणी आवडायचं. दगड काढायचं काम हत्तीला मिळालं, कारण त्याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. खताच्या खात्यासाठी मात्र नुसती झुंबड उडाली. प्रत्येकाकडे घरचंच होतं!

दुसऱ्या दिवशी दिवाणजी धुरपदाच्या बिळाशी आले.

"धुरपदाबाई, हे बीळ संरक्षित क्षेत्रात येतंय. उद्यापर्यंत मोकळं करा."

"आवो दिवानजी, माझ्या सासूच्या सासूनं उकरलंय ह्ये बीळ."

"अरेरे," दिवाणजींनी मान हलवली. "म्हणजे अतिक्रमण बरंच जुनं आहे."

"आन् मी खानार काय?"

"ते दुसऱ्या समितीकडे येतं."

"ती कुटं हाय?"

"नेमायची आहे."

धुरपदा रडली. खोटं कशाला सांगू, मोठ्याने रडली. सून हौसा आणि चार नातवंडं घेऊन ती डोंगराच्या पाठीमागे गेली. तिथे कडा कोसळून दगडगोट्यांची नुसती घसरण झाली होती. कुणाला नको असलेली जागा होती, म्हणून कुणी हटकलं नाही. वाटेत खायला म्हणून सहाही जणांनी तोंड भरभरून कांदे नेले. तिथे पोचल्यावर मोठे खाल्ले, बारके मातीत ढकलले आणि वर पाय दिला. सासू जाऊन वर्षं झाली होती, पण पाठीला अजून भीती होती.

इकडे ट्यूलिपचं संवर्धन काय जोरात सुरू झालं म्हणता!

हत्तीने उतारावरचे सगळे दगड काढले. "ट्यूलिपला टोचत असतील," असं समितीचं मत पडलं. म्हैस सबंध उन्हाळा दिवसातून तीनदा पाणी घालू लागली. जमिनीखाली झोपलेल्या कांद्यांना दिवसातून तीनदा आंघोळ! खत तर असं पडलं की वारा सुटला की तीन डोंगर पलीकडचे लोक चौकशीला यायचे. मग थंडी आली. महाराज म्हणाले, "आम्ही हिवाळ्यात झोपतो तेव्हा आम्हाला पांघरूण लागतं. मग त्या कोवळ्या जिवाला नको?" म्हणून उतारावर दोन हात जाड गवताची गोधडी अंथरली. त्या हिवाळ्यात बर्फाचा एक कण जमिनीला शिवू शकला नाही. समितीने स्वतःची पाठ थोपटली. ज्याचा हात पाठीपर्यंत पोचत नव्हता, त्याची शेजाऱ्याने थोपटली.

वसंतात ट्यूलिप महोत्सव ठरला. कमानी उभ्या राहिल्या. कोकिळांचं स्वागतगीत बसलं. महाराजांनी भाषण पाठ केलं. महोत्सवाच्या आदल्या दिवशी दिवाणजींनी गोधडी काढली.

खाली गाजरगवत होतं. हत्तीच्या गुडघ्याला लागेल एवढं, हिरवंगार, तुकतुकीत. आणि भरपूर बेडूक. ट्यूलिप एकही नव्हतं. दिवाणजींनी माती उकरून पाहिली, तर हाताला कुजकट लगदा लागला. बिचारे कांदे लाडाने मेले होते.

"आता रे?" म्हैस म्हणाली.

दिवाणजी कोल्हे होते, बाळांनो. कोल्ह्याला हा प्रश्न फार वेळ पडत नाही. त्यांनी तीनशे बगळे बोलावले. प्रत्येकाच्या डोक्यावर पळसाचं फूल बांधलं. गवत कापून बगळ्यांना उतारावर ओळीत उभं केलं, एका पायावर, मान ताठ.

"उद्या दिवसभर हलायचं नाही," दिवाणजींनी बजावलं. "तुम्ही ट्यूलिप आहात."

लांबून काय देखावा दिसत होता! खाली पांढरं, वर लाल. अस्वलमहाराजांचे डोळे भरून आले. तसेही ते नुकतेच झोपेतून उठले होते, त्यांना सगळंच अंधुक दिसत होतं.

"माझ्या प्रिय ट्यूलिपांनो!" महाराजांनी भाषण सुरू केलं.

पहिल्या ओळीतल्या एका ट्यूलिपला शिंक आली. ती त्याने दाबली. महाराज पुढे बोलू लागले. तेवढ्यात एक गुबगुबीत बेडूक टुणकन उडी मारून ओळींच्या मधोमध येऊन बसला.

तीनशे ट्यूलिपांनी त्याच्याकडे माना वळवल्या.

बेडकाने उडी मारली. आणि सगळे ट्यूलिप त्याच्यामागे! पंख फडफडवत, पळसाची फुलं उधळत, कमानी पाडत, कोकिळांच्या अंगावरून, महाराजांच्या पायांमधून! बेडूक म्हशीच्या पोटाखाली शिरला. ट्यूलिप म्हशीच्या पोटाखाली शिरले. म्हैस उधळली ती थेट व्यासपीठावर. जंगलातली पोरं इतकी हसली की तिघांना उचक्या लागल्या, आणि मला आत्ता हे सांगतानासुद्धा लागेल असं वाटतंय.

महाराज मात्र हसले नाहीत. व्यासपीठाखालून त्यांना बाहेर काढल्यावर ते एवढंच म्हणाले, "मला खरं ट्यूलिप पाहिजे. जिथे सापडेल तिथे लगेच समिती नेऊन बसवा. जागा मोकळी करा, दगड काढा, पाणी सोडा. यंदा खत दुप्पट!"

समिती निघाली. ढोल वाजवत डोंगर-डोंगर शोधू लागली.

आता डोंगराच्या पाठीमागे काय झालं ते ऐका. समिती अशी फिरत असतानाच एका सकाळी धुरपदा बिळातून बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. सगळी घसरण फुलली होती. दगडाखालून फूल, दगडाच्या वरून फूल, दोन दगडांच्या फटीत अंग चोरून उभं असलेलं फूल. इतकी फुलं तिने जुन्या उतारावरसुद्धा कधी पाहिली नव्हती. थंडी कडाक्याची पडली होती, बर्फ वाट्टेल तेवढा पडला होता आणि कुणी काडीचंही लक्ष दिलं नव्हतं. कांदे अगदी मजेत होते.

धुरपदाला इतका आनंद झाला की ती नाचली. सायाळ नाचली की काटे खुळखुळतात. नातवंडंही खुळखुळत नाचू लागली. हौसा सुनेने तर अशी गिरकी घेतली की तिचे दोन काटे उडून लांब जाऊन पडले.

तेवढ्यात खालच्या वळणावरून ढोल ऐकू आला. धुरपदाने वाकून पाहिलं. पुढे दिवाणजी. मागे हत्ती. त्याच्या मागे म्हैस, पखाली लादलेली. आणि सगळ्यात मागे खताच्या पाट्यांची ही लांबलचक रांग.

"आत्याबाई, पळा!" हौसा म्हणाली. "पोरांना घेते मी. आता आनिक कुटं जायाचं पर?"

धुरपदाने वळून फुलांकडे पाहिलं. पळालं तर जीव वाचेल, पण बीळ गेलं. आणि ही फुलं? ती या लोकांच्या हातात पडली की वर्षभरात लगदा. आता तिच्याकडे कांदे तोंडात भरून न्यायलाही वेळ नव्हता.

"हौसा," ती म्हणाली, "खा."

"काय?"

"फुलं खा. पोरांनो, समदी फुलं खायाची. पानाला तोंड लावायचं न्हाई, कांद्याला तर आजिबात न्हाई. निस्ती फुलं. चला!"

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! सहा सायाळी त्या घसरणीवर सुटल्या. कचाकच, कचाकच. नातवंडांना आधी गंमत वाटली, मग पोटं फुगली, मग धाकटं रडायला लागलं. "आजी, आता नको!" "एक घास माझ्यासाटी खा," धुरपदा म्हणाली. ती स्वतः खात होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अशी फुलं तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली होती, आणि धड एक घटकाभरही डोळे भरून पाहिली नव्हती. शेवटचं फूल तिने तोंडात घातलं आणि ढोल थांबला.

दिवाणजी समोर उभे होते.

"धुरपदाबाई, हे काय उगवलंय?"

"कांद्याची पात," धुरपदा म्हणाली. "न्हेता का जुडीभर? झुनका बेस व्हतो."

दिवाणजींनी पानं हुंगली. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "आणि तुमच्या काट्यात ही लाल-पांढरी पाकळी कसली?"

हौसा आणि नातवंडं ढेकर दाबून बसली.

धुरपदाने पदर नसताना पदर सावरला. "हौस असती वो दिवानजी म्हातारपनी," ती लाजून म्हणाली. "चारचौघांत इचारायची गोस्ट हाय का ही?"

दिवाणजी ओशाळले आणि त्यांनी तज्ज्ञाकडे पाहिलं. चक्रवाकाने एक फेरी मारली. पानं पाहिली, दगड पाहिले, नाक मुरडलं.

"ट्यूलिपला फूल असतं," तो म्हणाला. "इथे फूल नाही. त्यातून अशा दगडधोंड्यांत ट्यूलिप कधीच येणार नाही. नाजूक जात आहे ती."

समितीने मान डोलावली. हत्ती वळला, म्हैस वळली, पाट्या वळल्या. उतरताना म्हशीने एक जुडी नेलीच.

त्या वर्षी समितीने अहवाल दिला की रानट्यूलिप या जंगलातून नामशेष झालं असून त्याला जबाबदार सायाळ होय. गाजरगवत उपटून जुन्या उतारावर ट्यूलिपचं स्मारक बांधलं. अस्वलमहाराज दरवर्षी तिथे फुलं वाहतात. पळसाची.

आणि डोंगराच्या पाठीमागे दर वसंतात ती घसरण पुन्हा फुलते. खालच्या वाटेवरून दिसतील तेवढी फुलं धुरपदा सकाळी उठून खाते. भूक नसली तरी खाते. मग वळसा घालून मागच्या बाजूला जाते आणि तिथली फुलं मिटेपर्यंत नातवंडांना घेऊन नुसती बघत बसते.

तात्पर्य : जिवापाड जपायची वस्तू कौतुक करणाऱ्यांच्या नजरेला पडण्याआधी खाऊन टाकावी. पोट फुटायची वेळ आली तरी मागे हटू नये. पोट बरं होतं, समिती नेमली की ती बरी होत नाही.