सेमी-स्लिक टायर आणि सासूबाईंची सीट

टायर या विषयावर जालना जिल्ह्यात माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो. टायर विकणारे धरून!

मी जालन्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. भूगोलाचा आणि टायरचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी घर्षणापासून सुरुवात करून सगळं नीट समजावतो. शेवटापर्यंत अजून कुणी थांबलेलं नाही.

या अभ्यासाचं मूळ आमच्या सासूबाई आहेत. साखराबाई आष्टीला राहतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना गाडीतून परतूरला नेत होतो. वळण बाहेरच्या कडेनं धरायचं, आतल्या कडेला चिकटायचं आणि पुन्हा बाहेर सुटायचं, ही शास्त्रशुद्ध पद्धत मी त्यांना समजावत होतो आणि करूनही दाखवत होतो. तिसऱ्या वळणाला समोरून बैलगाडी आली. बैल शांत होते. सासूबाई नव्हत्या. त्यांनी गाडी थांबवायला लावली, पिशवी उचलली आणि चौदा माणसं भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये पंधराव्या म्हणून जाऊन बसल्या.

तेव्हापासून त्या माझ्या गाडीत बसलेल्या नाहीत. कुठंही जायचं असलं की माझे साडू कल्याणराव गाडी घेऊन हजर! कल्याणरावांचा परतूरला सरकीचा धंदा आहे. टायरबद्दल त्यांना एवढंच ठाऊक आहे, की ते चार असतात. पाचव्याची आठवण करून द्यावी लागते.

मी थोरला जावई. लग्नाकार्यात कल्याणरावांच्या गाडीतून पुढच्या सीटवरून सासूबाई उतरतात, आणि मी मागून रिकामी गाडी घेऊन येतो. हे दोन वर्षं चाललं होतं.

अशात संभाजीनगरच्या पुढं एका खासगी ट्रॅकवर हौशी चालकांसाठी एक दिवस ठेवल्याचं मला कळलं. आपली गाडी न्यायची, फेऱ्या मारायच्या, प्रत्येकाची वेळ मोजून मिळायची. मी लगेच नाव दिलं. कल्याणरावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी बी येतो, सर. बघू तरी काय राह्यतं ते."

त्यांची बायको शालू, म्हणजे माझी मेहुणी. तिनं माहेरून फोनवरच निकाल लावला. "दाजी, त्या शर्यतीच्या पुढच्या आठवड्यात आईच्या भाच्याचं जालन्याला लगीन हाये. ज्याचा नंबर वर, त्याच्या गाडीत आई!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "बघू."

मी तो होकार धरला.

आता प्रश्न टायरचा. टायरच्या अंगावर एक झिजेचा आकडा असतो. आकडा जितका कमी, तितकं रबर मऊ. रबर जितकं मऊ, तितकी वळणावर पकड जास्त आणि आयुष्य कमी. दोन महिने मी आकडे, उंची, रुंदी यांचे तक्ते केले. शेवटी सेमी-स्लिक जातीवर आलो. यात खाचा जवळजवळ नसतातच. सपाट रबर, सगळंच्या सगळं रस्त्याला टेकतं.

"म्हणजे लवकर झिजावेत म्हणून मुद्दाम महागाचे घेताय?" बायकोनं विचारलं.

"भावना, हे पकडीचं गणित आहे."

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात या शब्दानंतर चर्चा होत नाही.

शुक्रवारी पुण्याहून टायर आले. मी ते ओट्यावर ओळीनं मांडले आणि नख रुतवून पाहत बसलो. शेजारचे साहेबराव आले. एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी टायरवरून सावकाश हात फिरवला, मग माझ्या खांद्यावरून फिरवला.

"सर, नवे म्हणून घेतले का?"

"नवेच आहेत. असेच असतात."

"असं सांगितलं का त्या पुण्यावाल्यानं." साहेबरावांनी टायरवर एक टिचकी मारली. "आमच्या डेपोत असल्या गोटा टायरवर गाडी फाटकाबाहेर सोडत न्हवते."

मी त्यांना घर्षणापासून समजावू लागलो. ते उठून गेले.

शनिवारी सकाळी मी गाडी आणि टायर मस्तगड भागात बबलूच्या टायरच्या दुकानात सोडले. मला परीक्षेची ड्युटी होती. जाता जाता एवढंच म्हणालो, "बबलू, वळणावर पकड पाहिजे. बाकी तू बघ."

संध्याकाळी पाच वाजता गेलो, तर बबलू कपाळाचा घाम पुसत उभा होता.

"सर, काही बोलू नका. माणसाकडून व्हती चूक. साहेबरावकाका सकाळीच येऊन गेल्ते. सगळं सांगितलं त्यांनी."

"काय सांगितलं?"

"हेच, की पुण्याच्या माणसानं तुम्हाला घासलेला माल चिटकवला. म्हणले, सरांना विचारू नको, माणूस लाजंल. गुपचूप नीट करून दे." बबलूनं गाडीकडं हात केला. "बिलकुल नवे करून टाकले!"

ट्रकचे घासून सपाट झालेले टायर बबलू तापलेल्या पात्यानं कोरतो आणि त्यांवर पुन्हा खाचा पाडून देतो, हे मला माहीत होतं. ते ट्रकचं होतं म्हणून मी त्याचा कधी खोलात विचार केला नव्हता. आता मी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली.

"चारी टायरवर नक्षी येगळी काढली," बबलू मागून सांगत होता. "ही शंकरपाळी. ही नागमोडी. हे बाण. चौथ्यापर्यंत आलो तं हात बसल्ता, म्हणून त्याच्यावर जरा फुलं काढली. तुम्हाला जी पसंत पडंल ती बाकीच्यावर बी काढून देतो."

"माझे जुने टायर कुठायत?"

"एका ड्रायव्हरला देऊन टाकले. लय गरजू व्हता. पुण्य तुमच्या नावावर."

मी रागावणार होतो. पण त्याच्या दोन बोटांना पात्याचे चटके बसलेले होते, आणि मजुरी घ्यायला तो काही केल्या तयार नव्हता. अशा माणसावर ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "फुलं छान आहेत."

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर गाड्यांची तपासणी होती. तपासणीला प्रीती नावाची एक तरुण इंजिनियर होती. ती पहिल्या टायरपाशी बसली. दुसऱ्यापाशी बसली. तिसऱ्याचा फोटो काढला. चौथ्यापाशी तिनं आणखी दोघांना बोलावलं.

"सर, हे हातानं केलंय?"

"हो."

"हे जास्वंद आहे का?"

"मलाही तसंच वाटतं."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. "सर, या टायरवर वेगात जाता येणार नाही. सॉरी."

मी तिला दोन महिन्यांचे तक्ते दाखवले. तिनं ते मनापासून पाहिले. म्हणाली, एवढा अभ्यास करून इथवर कुणी पोचलेलं तिनं पाहिलं नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत, ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग, ताशी चाळीसच्या आत एक फेरी मारायची मला परवानगी मिळाली. वळण मी बाहेरून धरलं, आतून कापलं. मागं शंकरपाळीचे दोन तुकडे पडले. कडेला डबा खात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कल्याणराव सीटवरचं प्लॅस्टिकही न काढता, एसी लावून ट्रॅकवर उतरले. फेरीला एक मिनिट अठ्ठावीस सेकंद. बाविसांत नववे! मी तीन मिनिटं सहा सेकंद. बाविसावा. कल्याणरावांनी निकालाचा कागद घरच्या ग्रुपवर टाकला, तोही माझ्या नावाभोवती लाल गोल काढून.

लग्नासाठी शालू माहेरी गेली होती; संध्याकाळी आष्टीहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अर्धी शालू, अर्ध्या सासूबाई. कल्याणराव परतूरहून हसत जोडले गेले होते. शालू वरून नावं वाचू लागली.

"वरून नको," सासूबाई म्हणाल्या. "खालून वाच."

"खाली दाजी हाईत, आई. एकदम शेवटी."

"म्हंजी समद्यात सावकाश?"

"लय सावकाश. त्यांच्याम्होरं ॲम्ब्युलन्स व्हती."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "मंग मी थोरल्या जावयाच्या गाडीत जाते."

"मामी!" कल्याणराव पडद्यात पुढं आले. "मी नववा आलो ना!"

"त्येच म्हणते. तुम्ही इतकी पळवता हे मला ठावं न्हवतं. दोन वर्सं बसले मी तुमच्या गाडीत!"

लग्नाच्या दिवशी नवे, अगदी साधे, कुणाच्या नजरेत न भरणारे टायर घालून मी आष्टीला गेलो. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. काटा चाळिसावर गेला की त्या खाकरत. आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि दुसरी पंगत उठत होती. सगळ्यांदेखत मी दार उघडलं, सगळ्यांदेखत सासूबाई उतरल्या. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी माझी ओळख करून दिली.

"हे आमचे थोरले जावई. येवढी मोठी शर्यत व्हती, पर यांनी घाई केली न्हाई."

परत जाताना मागच्या सीटवर सासूबाईंच्या तीन बहिणी होत्या. वाटूरच्या अलीकडंच तिघींनी एकमतानं सांगितलं, की चाळीस जरा जास्तच होतात.