सुलतान तीन दिवसांत विणार!

तक्रार कशी करावी हे ज्याला शिकायचं असेल त्यानं पाटण तालुक्यात यावं आणि सुभेदार नाथाजी कुठं राहतो म्हणून विचारावं! म्हणजे मीच. सव्वीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढली. तिथं डाळ पातळ झाली तर मी अर्ज लिहायचो. बूट चावला तर अर्ज लिहायचो. आणि अर्जाला उत्तर आलं नाही तर त्याचाही अर्ज लिहायचो! माझं अक्षर लांबून दिसलं तरी क्लार्क लोकांना एकदम रजेची आठवण व्हायची.

रिटायर होऊन गावी आलो नि शेळ्या पाळल्या. त्यांच्यासाठी फोनवर 'कळपसाथी' नावाचं ॲप घेतलं. कुठल्या शेळीला लस कधी, जंताचं औषध कधी, कोण किती तारखेला विणार, हे सगळं ते आधी कळवतं. तीन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आणि एका बुधवारी सकाळी एका ओळीचा मेसेज आला: 'पुढील महिन्यापासून वार्षिक दर सहाशेऐवजी नऊशे रुपये.'

बास! एवढंच! ना नमस्कार, ना चमत्कार!

"मंगल," मी बायकोला हाक मारली, "ह्या कंपनीला आता मी सरळ करतो. आठ दिवसांत दर खाली!"

"आधी च्या घ्या. गार हुतोय."

"आता च्या न्हाई, लढाई!"

आणि दैव बघा कसं माझ्या बाजूचं! तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. ॲपचाच मेसेज: 'अभिनंदन! आपली शेळी सुलतान तीन दिवसांत विणार आहे. कोरडी, उबदार जागा तयार ठेवा.'

सुलतान म्हणजे माझा बोकड. दाढी हातभर, शिंगं पिळदार, वास असा की पाहुणे अंगणातूनच राम राम करून परत जातात. तो विणार! मी आनंदानं ओरडलोच. तक्रारीला असा दारूगोळा सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता!

"सुलतान न्हवं, पर ती सुलताना लय जड दिसतीया हां," मंगल गोठ्याकडं बघत म्हणाली.

"तिला अजून लय येळ हाय. ॲपात तिची नोंदच न्हाई!"

ॲप बिनकामाचं म्हणणारा मी पुरावा ॲपचाच देतोय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. चष्मा सापडेना, म्हणून गोठ्यात उभा राहूनच फोनमध्ये तोंड घालून ॲपविषयीचा अभिप्राय बोललो. बोललं की ते आपोआप टाइप होतं ना, तसं. मी खणखणीत आवाजात बोललो: "मी सुभेदार नाथाजी. तुमचं ॲप म्हणतंय माझा बोकड गाभण आहे, तीन दिवसांत विणार! लाज वाटत नाही? पैसे परत द्या!"

शेळ्या मधेमधे ओरडत होत्या. त्यातून फोनला जे ऐकू गेलं ते असं: 'मी सुभेदार नाथाजी गाभण आहे. तीन दिवसांत विणार. लाज वाटते. पैसे परत द्या.'

आणि वर एक चांदणी देऊन मी ते जगजाहीर करून टाकलं!

वीस मिनिटांत उत्तर. 'नमस्कार सुभेदार साहेब. आपली तक्रार मिळाली. लाज वाटून घेऊ नका. ही तक्रार आपल्या शेळीविषयी असावी असं वाटतं. कृपया शेळीचं नाव कळवा, लगेच बघते. - उत्कर्षा.'

माझा चष्मा तेवढ्यात सापडला होता. मी वर स्वतःचा अभिप्राय वाचला, खाली हे उत्तर वाचलं, आणि कानातनं वाफ निघाली. पुसेपर्यंत त्याचा फोटो आमच्या 'शेळीपालक मित्र' ग्रुपवर पोचला होता. दोनशे दहा माणसं! "अभिनंदन सुभेदार!" "बारशाला बोलवा!" एकानं तर डिंकाच्या लाडवाचा फोटो पाठवला.

गुरुवारी मी फोन लावला. एका पोरीनं उचलला. "नमस्कार काका, उत्कर्षा बोलते. मी तुमच्याच नोंदी बघत होते. त्यात एक..."

"ज्युनिअरशी मी बोलत न्हाई! तुमच्या सीनियरला द्या!"

"काका, इथं कामाला मी एकटीच..."

"सीनियर!!"

मग तिचा लांबून आवाज, "आप्पा, जरा ह्यांच्याशी बोला." आणि एक खरखरीत आवाज आला, "बोला. बिराप्पा बोलतोय."

"तुम्ही सीनियर का?"

"व्हय. एकाहत्तर पुरी झाली."

मी तोफ डागायला सुरुवात केली. पण 'बोकड' एवढा शब्द तोंडातून निघाला आणि बिराप्पांनी विचारलं, "कंच्या जातीचा? पाला काय घालता? शेपटीकडनं केस झडत्यात का?" झडत होते! कंपनी तिकडं आटपाडीत; ह्यांना तिथं बसून कसं कळलं? बिराप्पांनी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांनी खनिज मिठाचं सांगितलं, खुरांचं सांगितलं, बाभळीच्या शेंगांचं सांगितलं. मी कागद घेऊन लिहून घेतलं. चाळीस मिनिटांनी लय समाधानानं फोन ठेवला.

"उतरला का दर?" मंगलनं विचारलं.

"कसला दर?" मी म्हणालो.

मग मात्र चवताळलो. मला बोलण्यात गुंडाळतात काय! ग्रुपवर आदेश काढला: 'सर्वांनी कळपसाथी काढून टाका. शनिवारी चलो आटपाडी! सकाळी सात, पाटण स्टँड.' एकोणीस जणांनी वळलेल्या मुठी पाठवल्या.

शनिवारी सात वाजता स्टँडवर मी, माझी जीप आणि मंगल. एकाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, एकाची कंबर धरली, एक म्हणाला, "सुभेदार, मनानं मी तुमच्यासंगंच हाय." मंगल का आली? "मला त्या पोरीला बघायचंय," एवढंच म्हणाली. शेळ्यांवर नजर ठेवायला चुलतभाऊ धनाजीला बसवला होता. धनाजी अंगानं पैलवान. पण कोंबडीचं रक्त बघितलं तरी भिंत धरतो.

कऱ्हाड गेलं, विटा गेलं, भिवघाट गेला. खिशात अकरा मुद्द्यांचा अर्ज, तीन प्रतींत. वाटभर मनात कंपनीचं चित्र रंगवत होतो: काचेची इमारत, दाराशी वॉचमन, आत गार हवा. मी वॉचमनशी काय बोलायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

पत्त्यावर पोचलो तर पिठाची गिरणी! गिरणीवाल्यानं पांढऱ्या हातानं जिना दाखवला. वर चढेपर्यंत मंगलच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या आणि माझ्या मिशा.

वर एक खोली. दोन लॅपटॉप, एक पंखा, एक खाट. खाटेवर पटकेवाले बिराप्पा. आणि तिशीची एक पोरगी कानाला फोन लावून बोलत होती. तिनं हातानंच आम्हाला बसा म्हणून खूण केली.

"न्हाई हरणाबाई, फोन बिघडला न्हाई. रेंज न्हाई तिथं. तुमची मेंढरं सध्या कुठं बसल्यात? ... बरं. मग मी लसीच्या तारखा वाचून दाखवते, तुमी नातीला लिहून घ्यायला सांगा. ... घाई न्हाई, सावकाश."

ती वाचत होती आणि मी भिंत बघत होतो. सगळी भिंत कागदांनी भरलेली. एका कागदावर एक तक्रार: नाव, गाव, तारीख, काय बिघडलं, काय केलं, आणि खाली 'परत फोन करून विचारलं' असं लिहून बरोबरची खूण. शंभर-दीडशे तरी असतील! सव्वीस वर्षं मी अर्ज लिहिले; माझे अर्ज कुणी भिंतीवर लावल्याचं मला आठवत नाही. एकाच कागदावर खूण नव्हती. 'सुभेदार नाथाजी, पाटण. बोकड गाभण.'

फोन ठेवून ती उठली. "या काका! पाणी घ्या. आप्पा, सुभेदारसाहेब आले."

मी घसा साफ केला, अर्ज उघडला. "मुद्दा क्रमांक एक..."

"काका, त्याआधी एकच विचारू? गुरुवारपासनं विचारायचंय, तुमी फोनच उचलत न्हाई. सुलतानसारख्या नावाची शेळी हाय का तुमच्याकडं?"

"सुलताना हाय. का?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पाच महिन्यांपूर्वीची नोंद होती. शेळी भरवल्याची, म्हणजे तिला बोकड दाखवल्याची, तारीख माझ्याच फोनवरून, माझ्याच अंगठ्यानं, सुलतानाऐवजी सुलतानच्या नावावर टाकलेली! वर ॲपनं 'नोंद नराची आहे' म्हटल्यावर मी नर खोडून मादी केलेलं! तेव्हाही चष्मा सापडला नसणार.

"म्हणजे विणार ती..." माझा आवाज बारीक झाला.

"सुलताना. आज," उत्कर्षा म्हणाली.

मंगलनं माझ्याकडं असं बघितलं की अकरा मुद्दे आपोआप घडी होऊन खिशात गेले.

त्याच क्षणी धनाजीचा फोन! "आण्णा! सुलताना खाली पडून कण्हाय लागलीया! मागनं काय तरी बाहीर आलंय! मी डोळं झाकल्यात!"

सुलताना म्हणजे मंगलची बाटलीवर वाढवलेली शेळी. धनाजी म्हणाला, गावचा जनावरांचा डॉक्टर कोयनानगरला गेलेला, यायला दोन तास. उत्कर्षानं माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ लावला आणि आप्पांसमोर धरला.

"धनाजीदादा, डोळं उघडा," ती शांतपणे म्हणाली. "फोन खुट्याला टेकवा. आप्पा सांगतील तसं करायचं."

बिराप्पा पुढं वाकले. "किती पाय दिसत्यात रं?"

"योक... योकच! नि नाक!"

"दुसरा आत दुमडलाय. वडू नगंस! हात साबणानं धू, गोडंत्याल लाव. आता करडाला हळू मागं सार. गुडघा घावला का? खूर मुठीत झाक, आतनं लागाय नगं. आन् पाय सरळ कर."

"मला चक्कर येतीया!"

"मागनं ये म्हणावं तिला!" बिराप्पा कडाडले. "आदी पाय!"

उत्कर्षानं एका हातानं फोन धरला होता, दुसऱ्या हातानं मंगलचा हात. मी, देशाच्या तीन सीमा बघितलेला माणूस, पंख्याखाली घामानं थबथबलो होतो.

"घावला! सरळ झाला!"

"आता तिनं कळ दिली की मगच वढ. खाली, खुरांकडं."

आणि फोनमधून एक बारीक, चिरका आवाज आला. मंगल रडायलाच लागली. पहिलं आलं, पाठोपाठ दुसरं आलं. तिसरं धनाजीनं एकट्यानं काढलं, न विचारता! मग भिंत धरून खाली बसला.

मी बिराप्पांचे पाय धरायला गेलो. त्यांनी दंडाला धरून उठवलं. "माज्यापाशी काय न्हाई, सुभेदार. एक साल लसीची तारीख हुकली, तीस मेंढरं चार दिसांत गेली. ही माजी पोर तवा सांगलीला कालेजात हुती. त्यातनं हे ॲप काढलंन. आता तुमच्या मेसेजनं चाळीस गिऱ्हाईकं सोडून गेली, तर म्हणती, चूक माजीच."

मी उत्कर्षाकडं बघितलं. म्हटलं, आता बोलेल. आता ऐकवेल. मी ऐकून घ्यायला सावधान उभा राहिलो.

"चूक माझीच आहे काका," ती म्हणाली. "नर खोडून कुणी मादी केलं, तर ॲपनं नुसती मान हलवायला नको होती. 'नक्की का?' असं ठणकावून विचारायला पाहिजे होतं. ते काल बसवलं. आणि दराचं म्हणाल तर मेसेज पाठवायचा खर्च दुप्पट झालाय, तीन वर्षं मी दर वाढवला नव्हता. पण एका ओळीत सांगायची गोष्ट नव्हती ती. तुमच्या रागानंच कळलं. आज सगळ्यांना सविस्तर लिहिलंय."

तिनं ते पत्र वाचून दाखवलं. खर्च किती, कशाचा, सगळं उघड. सोडून गेलेल्यांना त्यांच्या नोंदी छापून पाठवणार होती, फुकट. त्यांच्या जनावरांच्या तारखा हुकू नयेत म्हणून! मी माझा फोन काढला, चष्मा लावला, आणि ग्रुपवर बोटानं एकेक अक्षर टाइप केलं: 'बोकडाची चूक माझी होती. ॲप परत घ्या. ही पोरगी सोनं हाय.' दोन मिनिटांत सात जण परत आले. कंबर धरलेला पहिला!

"आणि लहान कळपांना नवा दर जड जाईल," उत्कर्षा पुढं वाचत होती, "म्हणून पंचवीसच्या आत जनावरं असतील त्यांना जुनेच सहाशे."

मी ताडकन उभा राहिलो. "माझ्याकडं चोवीस!"

शेवटी दर उतरलाच की! ते पण न भांडता! मी मिशीवरचं पीठ झटकलं. बिराप्पा हसले, उत्कर्षा हसली. मंगल मात्र बोटं मोजत होती.

"आवं," ती म्हणाली, "चोवीस नि तीन?"

उत्कर्षा ओशाळून म्हणाली, "करडांच्याच लसी जास्त असतात हो काका, त्यामुळं मोजावी लागतात. पण आजच्या दिवस..."

"न्हाई न्हाई! मोज!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बिराप्पा बघत होते. मी नऊशे रुपये काढून टेबलावर ठेवले. एक नोट जरा हाताला चिकटली, तेवढंच. मंगल खिडकीकडं तोंड करून रस्ता बघत उभी होती. पण खांदे मात्र गदागदा हलत होते.