करंजवाडीचे बाराशे चौकोन

विजयसिंहनं गावच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली होती, आणि ती टाकताना त्याचे डोळेही भरून आले होते. "सर्वांनी खालील लिंकवर आपापलं जुनं घर पाहून घ्यावं. काही चुकलं असल्यास स्वतःच दुरुस्त करावं." पहिलं वाक्य ठीक होतं. दुसऱ्यानं त्याचा घात केला.

जुनी करंजवाडी उजनीच्या पाण्याखाली जाऊन पंचेचाळीस वर्षं होत आली. पळसदेवचं देऊळ निदान उन्हाळ्यात पाण्यातून डोकं वर काढतं, लोक होडीतून जाऊन फोटो काढतात. करंजवाडीचं असं काही वर येत नाही. आलाच तर गाळ येतो. विजयसिंहचा जन्म नव्या गावठाणातला, म्हणजे जुनं गाव त्यानं कधी पाहिलेलंच नाही. पण त्याची आई, बनाबाई, लग्न होऊन त्या गावात आली होती, आणि कुणाच्या दारासमोर काय होतं हे तिला आजही तोंडपाठ होतं.

दोन हजार चार साली विजयसिंह बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. वेबसाइट कशी बनवतात हे कळल्याबरोबर त्यानं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बुडालेलं गाव वर काढलं. आईनं सांगायचं आणि यानं चौकोन रंगवायचे. आडवे चाळीस, उभे तीस, असे बाराशे चौकोन. तपकिरी म्हणजे घर, पिवळा म्हणजे वाट, हिरवा म्हणजे रान. घरावर टिचकी मारली की त्या घराचं पान उघडायचं आणि तिथं कुणीही काहीही लिहावं. चौकोनाचा रंगही कुणालाही बदलता यायचा. पासवर्ड नाही, नाव नोंदवायची भानगड नाही. वर हिरव्या पाटीवर लाल अक्षरात 'सुस्वागतम' सरकत जायचं आणि खाली आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा.

आणि लोक लिहायचे हो! पुण्यात, सुरतेत गेलेली माणसं सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून लिहायची. आबाजी म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी विहिरीच्या पानावर लिहिलं होतं, "या विहिरीत मी आईच्या कमरेला धरून पवायला शिकलो. आई गेली, विहीर गेली, पवणं तेवढं राहिलं." आबाजीही आता नाहीत. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, सकाळच्या गुलाबाची चित्रं आली, आणि साइटवर येणाऱ्यांचा आकडा चार हजार तीनशे बारावर थांबला तो थांबलाच. तरी विजयसिंह रोज एकदा तिथं डोकावायचा; त्या आकड्यात त्यानं स्वतःला धरलंच नव्हतं. बारामतीच्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटर लॅब सांभाळत होता. झगमगीत साइटी रोज बघायचा, पण त्यातली एकही कुणी हातानं केलीय असं त्याला वाटायचं नाही.

तर, ज्या कंपनीकडं ही साइट फुकटात होती तिनं कळवलं की महिनाअखेर आम्ही दुकान बंद करतोय. विजयसिंहनं धावपळ करून, वेगळी प्रत न काढताच, सगळं गाव नव्या जागी हलवलं आणि त्या आनंदात ग्रुपवर ती ओळ टाकली. कंपनीनं सांगितल्याप्रमाणं महिनाअखेर पाळली आणि जुनी साइट कायमची पुसली. दोन तारखेला तात्याबांनी लिंक उघडली.

तात्याबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नातसून श्रेयानं त्यांना मोबाइलवर नकाशा मोठा करून दाखवला. तात्याबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आमचं परडं एवढंच दाखवलंय व्हय? पार कडुनिंबापतूर हुतं आमचं."

"मग वाढवा की आजोबा, हितं दाबा."

तात्याबांनी दाबलं. एक हिरवा चौकोन तपकिरी झाला. तो हिरवा चौकोन शेजारच्या आप्पासाहेबांचा होता.

आता कुठल्याही गावात शेजाऱ्याचा बांध कोरला तर तो कळायला एक पेरणी जावी लागते. इथं वीस मिनिटांत कळलं. आप्पासाहेबांचा विजयसिंहला फोन आला.

"विजू, तात्याबानं माझा बांध कोरला."

"आप्पा, ते पाण्याखाली आहे."

"पाण्याखाली हाय म्हून काय त्येचं झालं का?"

आप्पासाहेबांनी आपला एक चौकोन परत घेतला आणि अद्दल घडावी म्हणून तात्याबांचे दोन घेतले. तात्याबांनी चिडून वाटच रंगवून टाकली. वाट बंद झाल्यामुळं मागच्या सात घरांना घरी जायला रस्ता राहिला नाही. त्या सात घरांनी ग्रुपवर "रस्ता मोकळा करा" असं सुरू केलं, आणि उत्तर मिळेना म्हणून आपापली घरं उचलून मारुतीच्या देवळाजवळ ठेवली. जागा कमी पडली तेव्हा एकानं देवळाचाच कोपरा घेतला. लखन म्हणून एक पोरगा, त्याच्या वडलांचं तर जुन्या गावात घर नव्हतंच, ते पुनर्वसनानंतर आलेले. त्यानं नदीकाठी नऊ चौकोनांचा बंगला बांधला आणि त्याच्या पानावर 'पार्किंगची सोय आहे' असंही लिहिलं.

विजयसिंह लॅबमधून दर तासाला गाव नीट करायचा आणि पुढच्या तासाला ते बिघडायचं. मूळ नकाशा आठवेना तेव्हा त्यानं घरी येऊन साइटची जुनी प्रत ठेवलेली सीडी शोधली. सगळं त्यात होतं, एका चकचकीत डबीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. डबी होती.

"आई, यातली सीडी?"

"ती व्हय? ज्वारीवर पाखरं लई बसत्यात म्हून दोन वर्सं झाली रानात बांधली की. झ्याक चमकती. एक पाखरू यीना."

तो रानात गेला. सीडी दोऱ्याला लटकून गरगर फिरत होती, आणि दोन उन्हाळ्यांनी तिच्यावरची करंजवाडी पार सोलून काढली होती. विजयसिंह तिथंच बांधावर मटकन बसला. एवढा मोठा माणूस, पण त्याला रडू आलं.

परत येऊन त्यानं साइट उघडली, तर आबाजींच्या विहिरीचं पान बदललेलं. "सदर विहीर सामाईक नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे." त्यानं ते तीनदा वाचलं. आईच्या कमरेला धरून पोहायला शिकलेलं ते पोर कुणीतरी पुसून टाकलं होतं, आणि मूळ ओळी आता जगात कुठंच नव्हत्या.

त्यानं साइटला कुलूप घातलं. पासवर्ड लावला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकच चर्चा, "विजयसिंहनं गावाला कुलूप लावलं." कुणीतरी त्याचं स्वतःचं घर मोजलं आणि ते चांगलं ऐसपैस, सहा चौकोनांचं निघालं. मग तर विचारूच नका. दोघं जण इंदापूरला मोजणीचा अर्ज घेऊन गेले. तिथल्या माणसानं अर्ज नीट वाचला, त्यांच्याकडं नीट बघितलं आणि पाणी ओसरल्यावर यायला सांगितलं.

शेवटी रविवारी सकाळी देवळात तंटामुक्तीची बैठक बसली. अध्यक्ष आप्पासाहेबच, त्यामुळं सुरुवातीचा एक तास तात्याबांनी अध्यक्षांवर हरकत घेण्यात गेला. विजयसिंह हात जोडून उभा राहिला. "अहो, तिथं गेलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. जेवढं उरलंय तेवढं तरी राहू द्या. बाकी मी आईला विचारून परत काढतो."

"तुजी आई तुज्या घरची," तात्याबा म्हणाले. "ती काय आमच्या बाजूनं सांगंल व्हय?"

मग आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "हे बगा, भांडान मिटवायचं तर खरं हाय तेवढंच दावायचं. आज तितं काय हाय? पाणी हाय. मग समदं पाणी दावा. निळं करा. कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्त न्हाय."

तात्याबा उठले. आता आणखी एक भांडण, असं सगळ्यांना वाटलं. पण ते म्हणाले, "आप्पासायबाचं आयुष्यात पयल्यांदा बराबर हाय. माजं अनुमोदन." टाळ्या पडल्या. त्या दोघांनी एका कपातला चहा वाटून घेतला आणि त्याचा फोटो ग्रुपवर गेला. ठराव एकमतानं झाला. एकमतात नसलेला एक विजयसिंह, पण त्याचा हात कुणी मोजला नाही. घरांची पानंही भांडणाचं मूळ म्हणून काढायची ठरली, आणि दुपारपर्यंत करायचं ठरलं.

दुपारी तो ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. बनाबाई शेजारी येऊन बसली. तो एकेक चौकोन निळा करत गेला. लखनचा बंगला पहिल्यांदा गेला, त्याचं काही वाटलं नाही. मग आबाजींची विहीर गेली, देऊळ गेलं, वाट गेली. आपल्या घराचे सहा चौकोन त्यानं शेवटी ठेवले होते. तेही केले. ज्या गावाला धरणानं एका पावसाळ्यात बुडवलं, ते त्यानं स्वतःच्या बोटानं पाऊण तासात बुडवलं. साइट मात्र वाचली होती. वर 'सुस्वागतम' सरकत होतं आणि खाली नुसतं निळंशार. आकडा अकरा हजारांच्या पुढं गेला होता.

"संपलं, आई," तो म्हणाला. "वीस वर्षं जपलं होतं गं मी गाव."

बनाबाईनं पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "खरं सांगू का विजू? तू काढलंस ते गाव लई शांत हुतं बाबा. मला कवा वळखूच आलं न्हाय. तुजं मन मोडंल म्हून बोलले न्हाय." तिनं त्या निळ्यावर बोट ठेवलं. "धरणाचं पाणी घोट्याला लागलं तरी तात्याबा आन् आप्पासायेब बांधावर उभं ऱ्हाऊन भांडत हुते. वाट तर रोजच कुणी ना कुणी अडवायचा. ह्या आठवड्यात तेवढं हुबेहूब जमलं हुतं बग. आपली करंजवाडीच."

विजयसिंहनं लॅपटॉप बाजूला सरकवला.

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कवा इचारलंस?" बनाबाई म्हणाली. "तू म्हनायचास, आई, घरं सांग. मी घरं सांगितली."