नाव मोडलं, रुपया टाक

अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. काना-मात्रा सुचेल तिथं दिला आहे. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी कुणी उघडलीच तर आधीच माफी मागून ठेवते. पण आक्कांबद्दल लिहिल्याशिवाय माझा राग निवणार नाही.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. यजमान वारल्यापासून आमच्याकडेच असतात. आमच्या खिडकीत त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला आहे. माझ्या मुलाचं नाव जो मोडेल, म्हणजे अर्धवट घेईल, त्यानं त्यात रुपया टाकायचा. पाहुणा असो की दूधवाला, सूट नाही.

मुलाचं नाव भानुदास. ते मी ठेवलं नाही. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मला आकाश आवडत होतं, पण मला विचारतो कोण? आक्कांनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि स्वतःच्या वडिलांचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. त्यांचे वडील म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते, पण नसले म्हणून काय झालं? सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणजे पूर्ण नाव घ्यायची मला चोरी, आणि मोडावं तर डबा!

पहिल्यांदा मी "भान्या, दूध पी" म्हटलं तर आक्का आतून कडाडल्या, "कोण भान्या? या घरात भान्या नाय. टाक रुपया!"

भानू म्हटलं, रुपया. दासू म्हटलं, रुपया. शेवटी सोन्या म्हणून पाहिलं.

"एवढं चांगलं नाव असताना सोन्या कशाला? नाव पूर्ण घेतलं तर जीभ झिजती का?"

"पण आक्का, मला घेता येत नाही ना ते."

"मग गप बस."

आमचे हे म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा," आणि चप्पल घालून बाहेर गेले. नऊ महिने मी पोटात वाढवलं आणि माझ्याच पोराला हाक मारायला मला पैसे पडत होते! दोनेक वर्षं दंड भरला, एकशे सत्तर रुपये गेले, मग मी हाक मारायचंच सोडलं. लोकांची पोरं नाव घेतल्यावर येतात. माझं पोरगं ताटावर चमचा वाजवला की यायचं, मांजरासारखं.

समोर सलीमभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. ते एकदा म्हणाले, "क्या भानूमियाँ, हवा भरनी है?"

आक्का खिडकीतच होत्या. "सलीमभाई, रुपया!"

"आपा, हवा के दो रुपये मिलते, उसमें भी तुम्हारा टॅक्स?" म्हणत त्यांनी दिला बिचाऱ्यांनी.

मागच्या महिन्यात भानुदासला वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली. नव्या शर्टाचं कापड घ्यायला आक्का मला गुलमंडीत घेऊन गेल्या. दुकानातले म्हातारे शेठ चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "तू भान्या हमालाची पोरगी ना गं? काय ओझं उचलायचा भान्या! मी तेव्हा शाळेत होतो. गल्ल्यावरून नुसतं 'ए भान्या' ओरडलं की पळत यायचा."

मी आक्कांकडे पाहिलं. म्हटलं, आता शेठची काही खैर नाही.  पण आक्का खाली बघून पदराच्या काठाला चुण्या घालत राहिल्या. सगळ्या गल्लीला दंड करणारी बाई, आणि शेठकडे रुपया मागेना.

मला पाहुणे आले तरी स्वयंपाकघरात लपायची सवय. तरी तेव्हा माझाच आवाज मला ऐकू आला. "भानुदास म्हणा."

"काय?"

"माझ्या सासऱ्यांचं नाव भानुदास होतं. तुम्ही मोडलं. रुपया टाका."

शेठ आधी हसले. मग हसायचे थांबले, गल्ला उघडला आणि एक रुपया गादीवर ठेवला. तो मीच उचलला.

रिक्षात आक्कांनी पदराच्या चुण्या सरळ केल्या. मग म्हणाल्या, "पांढऱ्या केसांचा माणूस गं, अन् शेंबडी पोरं भान्या म्हणायची. आमच्या बापाला, अण्णाला, पूर्ण नावानं कुणी हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाय. वाटलं, नातवाला तरी म्हणतील." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तू सासऱ्याचं नाव घेतलंस. चुकलंच तुझं."

"टाकू का रुपया?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

संध्याकाळी ताट वाढलं. चमचा हातात घेतला आणि परत ठेवला. "भानुदास, जेवायला ये."

तो दारात येऊन उभा राहिला. "आई, मला म्हणालीस?"

आक्का उठल्या आणि ट्रंकेतून एक फडक्याची पुरचुंडी काढून माझ्यापुढं ठेवली. माझा दंड त्यांनी डब्यात कधी ठेवलाच नव्हता.

"तुझे तुला. मोजून घे."

मी जमिनीवर बसून मोजले. एकशे सत्तर. एकही कमी नव्हता. शेठचा रुपया मात्र त्यांनी मागून घेतला आणि अण्णांच्या फोटोपुढं ठेवला.