शालनचा ताप

डोळे उघडले की अंथरुणातून उठायच्या आत थर्मामीटर जिभेखाली धरायचा, असं डॉक्टरीणबाईंनी शालनला बजावलं होतं. "बीजकोशात पाण्याचा एवढासा फुगा भरतो, त्यात बीज पिकतं. त्या पाण्यातलं हार्मोन मोजायची सोय आपल्याकडं नाही. पण बीज सुटलं की अंगाची ऊब किंचित चढते, तेवढं आपल्याला कळतं. दिवस गेले, तर ती पुन्हा उतरत नाही." लग्नाला बरीच वर्षं झाली होती. बीज पिकायच्या गोळ्या नव्या होत्या, आशाही नवी होती. फक्त सासूला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असतं.

एके दिवशी काडेपेटी शोधत सासू, धोंडुबाई, आत आल्या. "काय झालं गं?"

तोंडात थर्मामीटर. शालनने नुसती मान हलवली.

"पोरीची वाचा बसली!" धोंडुबाई शेजारी झोपलेल्या लेकावर ओरडल्या. "कृष्णात, ऊठ की मुडद्या!"

"जरा कणकण हाय, आत्याबाई," नळी काढून शालन म्हणाली, आणि तिथंच फसली.

तेव्हापासून पहाटे तिला उठवून सुंठ-मिऱ्यांचा कढत काढा सुरू झाला. त्यावर थर्मामीटर लावला की पारा थेट वर. मग कपाळावर गार पट्ट्या. धोंडुबाईंनी लेकाला हुकूम सोडला, "तुला लागंल ताप. तालमीत जाऊन झोप."

"ह्या आठवड्यात नको, आई!"

"का? ह्या आठवड्यात काय हाय?"

वळकटी घेऊन कृष्णात गेला. शालन रडकुंडीला आली. महिनाभराच्या गोळ्या तालमीतच वाया जाणार होत्या. पण अंधार पडताच तो परतला. "लई ढेकणं हायती." दुसऱ्या दिवशी, "वस्ताद घोरत्यात." शेवटी धोंडुबाई वैतागल्या, "मर मग तापानं!"

डॉक्टरीणबाईंनी पाऱ्याची नोंद पाहिली. "हा तक्ता आहे का जोतिबाचा डोंगर?" काढ्याची हकीकत ऐकून त्या पोट धरून हसल्या. "सासूबाई उठायच्या आत लावत जा."

शालन गोधडीखाली लावू लागली. पारा जरासा चढला आणि तिथंच बसला. धोंडुबाई दिवसातून चारदा तिच्या कपाळाला हात लावत. "उतरंना की गं!" अखेर त्यांनीच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

लघवी तपासून डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "धोंडुबाई, ताप नाही हा. नातवंड आहे."

धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् मी काढं पाजतीया! ढेकणं म्हणं ढेकणं!"

शालनने सवयीने पिशवीतला थर्मामीटर काढून झटकायला हात उचलला. धोंडुबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"झटकू नगंस! हाय तिथंच ऱ्हाऊ दे पारा."