वामनकाकांची सिंगल बेल

तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कापला जात होता, तेव्हा तुम्ही कुठे होता?

आठवून पाहा. बहुतेक शेजारी चहा पीत असाल. धूळ नको म्हणून टीव्हीवर चादर टाकली असेल, कपाटाच्या फटींना कागद चिकटवला असेल, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा उचलून नेला असेल. दगड कापणाऱ्याला मात्र तिथंच ठेवलं असेल. वर्धेजवळच्या आमच्या सिंदी मेघेतही हेच चालतं. कटर सुरू झालं की अख्खं घर बाहेर पडतं, आणि एक माणूस त्याच घराच्या दिशेनं चालू लागतो. वामनकाका.

काका तळेगावच्या गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण तिकिटाला भोक पाडायचा पंच अजून खिशात असतो. जग त्यांच्या लेखी दोन घंटांवर चालतं. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. भाजी आवडली तर ताटावर पंचाचे दोन ठोके. लग्नात मंगलाष्टकं लांबली तर खुर्चीच्या पाठीवर एक. एकदा एका पुढाऱ्याचं भाषण संपेना, तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "सिंगल बेल." पुढारी खरंच थांबला.

कापकाम पाहून आले की काका घरात शिरत नाहीत. अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसतात आणि केसांच्या मुळापर्यंत घासतात. ऐन थंडीतही. गेटवरून पोरं विचारतात, "काका, शाम्पू आणू का?"

"तुह्या बापाले दे. त्याचे चार केस चमकू दे."

त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर क्वार्ट्झचे नमुने मांडलेले असतात. एकावर हळद, एकावर लिंबू, एकावर रात्रभर ठेवलेली पोह्यांची तर्री. उरलेले वर्धेच्या उन्हात वाळत घातलेले, रंग उडतो का ते पाहायला. क्वार्ट्झ म्हणजे खाणीतून निघालेली अखंड शिळा नसते. दगडाचा चुरा राळेत कालवून, दाबून केलेला तो ओट्याचा पाट. मोबाईलवर पाहून सगळ्यांना तोच हवा असतो, आणि पांढराच हवा असतो. मग लोक काकांना दुकानात घेऊन जातात. आम्हीही नेलं.

"या कंडक्टर साहेब, जयभीम," दुकानदार म्हणाला आणि घाईघाईनं आईकडे वळला. "काकू, हा पाहा. इटालियन डिझाईन."

काकांनी पाटावर पंचाचा एक ठोका मारला. "डिझाईन इटालियन असन. भाजी तं वर्धेचीच सांडन न."

"डाग पडतच नाई याच्यावर."

"तर्री ठेवली होती का रातभर?"

"ओट्यावर तर्री कोण ठेवते जी?"

"तुमच्या घरी नसन ठेवत. आमच्याकडं पातेलं कलंडते." मग ते आईला म्हणाले, "बाई, गरम कढई याच्यावर टेकवली की राळ जळते. शेगडीजवळ काळा ग्रॅनाईट घ्या. बाकीच्याले तो कोपऱ्यातला तुकडा."

कोपऱ्यात कुठल्याशा बंगल्याच्या कामातून राहिलेले राखाडी तुकडे उभे होते. आईचा चेहरा पडला. "दुसऱ्याचं उष्टं?"

"उष्टं नाई, उरलेलं. अर्ध्या पैशात पडते. आन रंग मळखाऊ हाये."

आईनं बराच वेळ पांढऱ्या पाटावरून हात फिरवला आणि राखाडी घेतला. काकांनी दोन ठोके दिले. जाताना दुकानदाराला बजावलं, "सिंकचं भोक, शेगडीचं भोक, काठ, सगळं इथंच पाण्याच्या मशीनवर कापजो. घरी कोरडं कटर निघालं नाई पाह्यजे."

यामागचं कारण कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकांचा मुलगा नितीन परराज्यातल्या कारखान्यात हेच पाट कापत होता. कोरडे. सुरुवातीला फोटो पाठवायचा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, आणि खाली लिहायचा, "पाहा बाबा, म्हातारा झालो." आता तो खिडकीजवळच्या पलंगावर असतो. दारापर्यंत आला तर दारातच बसावं लागतं. फुप्फुसात बसलेली ही धूळ परत निघत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. कारखान्यानं त्याला नाकाला बांधायला रुमाल दिला होता. रुमाल. जाहिरातीतल्या ओट्यावर लिंबं असतात, फुलं असतात, हसणारी बाई असते. नितीन नसतो.

काकू या दुखण्याआधीच गेल्या. घरात आता बापलेकच.

मी एकदा काकांना विचारलं होतं, "मग क्वार्ट्झ घेऊच नका, असं काऊन नाई सांगत लोकाईले?"

"लोकं आयकत नाई पोरी. आन कापणाऱ्याची चूल कशावर पेटन? कापू दे. पाण्यात कापू दे, धूळ उडत नाई."

ओटा बसवायला रफिकभाऊ आले ते संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. पाट भिंतीला लावला आणि कळलं की भिंतच गुण्यात नाही. काटकोन चुकलेला. पाट एका टोकाला अडत होता, बोटभर घासावा लागणार होता. रफिकभाऊंनी पाट अंगणात काढला, नाकाला रुमाल बांधला आणि कटर काढलं. आई भांडी झाकून बाहेर पडली. खर्रकन आवाज झाला, अंगणात पांढरा ढग उठला, आणि आवाज बंद पडला. काका बोर्डाजवळ उभे होते. प्लग त्यांच्या मुठीत.

"सिंगल बेल."

"काका, दोन मिनिटाचं काम हाये," रफिकभाऊ म्हणाले.

"नितीनचंही दोन-दोन मिनिटाचंच होतं."

"दुकानात नेलं तं उद्या दुपार होते. या बाईच्या घरी पाहुणे हायेत."

आई परत आली होती. तिनं अर्धवट ओटा पाहिला, भिंतीला टेकवलेला पाट पाहिला, आणि तिचा तोल गेला. "वामनभाऊ, तुमच्या घरचं दुःख आमच्या ओट्यावर काऊन मांडता?"

काकांनी प्लग सोडला नाही. आवाजही चढवला नाही. "मांडाले दुसरी जागा कुठं हाये बाई?"

मग रफिकभाऊंनी रुमाल सोडला, झटकला आणि मला म्हणाले, "ताई, पाट धरू लागा. गाडीत टाकू." आई सरकून वाट देत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पोहे जमिनीवरच्या शेगडीवर झाले आणि पाहुण्यांनी मागून घेतले. ओट्याचं कोणी विचारलं नाही.

प्लग ओढला त्याच संध्याकाळी काका आमच्या खिडकीत पंच विसरून गेले होते. आईनं तो पदरानं पुसला, माझ्या हातात दिला आणि "देऊन ये" एवढंच म्हणाली. मी गेले तेव्हा त्यांची नळाखालची आंघोळ आटोपली होती. कोरडी बनियन घालून ते स्वतःच्याच बंद दाराबाहेर उभे होते, पाहुण्यासारखे.

"बरं झालं आणला," ते म्हणाले. "याच्याशिवाय मले घरात जाता येत नाई."

मला वाटलं, गंमत करताहेत. त्यांनी पंचानं दारावर दोन ठोके दिले आणि कान लावला. मग हळू आवाजात सांगितलं, "त्याले बोलाले दम पुरत नाई. चमच्यानं पलंगाची दांडी वाजवते. दोन वाजवले की बाबा या."

"आणि एक?"

"खोकला चालू हाये, थांबा. खोकताना मी पाह्यलेलं त्याले आवडत नाई."

मग दांडीवर चमचा वाजला. एकदा. पाठोपाठ खोकला सुरू झाला, उशीत दाबल्यासारखा.

काका पायरीवर बसले. केसांतून पाणी अजून मानेवर उतरत होतं. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "उद्या पाट आला की काठावर हात फिरवून पाहून घेजो. धार राहाले नको, तुह्या आईचा हात कापन." मी हो म्हटलं. अंधार पडला, समोरच्या घरांत दिवे लागले, तरी आतून दोन ठोके आले नव्हते.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. दगड निवडा, रंग निवडा, स्वस्तातला तुकडा जरूर शोधा. पण पैसे देण्याआधी दुकानात एवढं बोला, की सगळं पाण्याच्या मशीनवरच कापायचं. आणि तरी तुमच्या अंगणात कोणी कोरडं कटर काढलंच, तर शेजारी चहाला जाऊ नका. प्लग ओढा आणि मुठीत धरून उभे राहा. पाहुण्यांना पोहे जमिनीवर बसून करून घाला.