चाचणीत उतरलेलं भजन

सुंदरम्मा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचा आवाज आता एका कॅसेटमध्येच उरला होता. अक्कलकोटला एका लग्नघरी ती कन्नड भजन गायली, तेव्हा कुणीतरी ते टेप करून ठेवलेलं. पुण्यस्मरणाला ते सगळ्यांना ऐकवायचं, असं तिच्या नवऱ्याच्या, सिद्धाप्पांच्या मनात होतं. पण भवानी पेठेतल्या त्यांच्या घरातल्या टेपरेकॉर्डरचा काही भरवसा उरला नव्हता.

"मामा, कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ की," सून चंद्रिका म्हणाली.

तिनं टेपरेकॉर्डर लॅपटॉपला खेटून ठेवला. "आत्ता नुसती चाचणी. जोडायची वायर संध्याकाळी आणते, मग नीट करू. पण हा खोलीतलं सगळं ऐकतो. तुमी बोलायचं न्हाय."

"मी कशाला बोलतोय?" सिद्धाप्पांना राग आला.

ती दार लोटून गेली. सुंदरम्माचा आवाज खोलीत उमटला आणि सिद्धाप्पांनी डोळे मिटले. गल्लीत भाजीवाली ओरडली, तरी खिडकी लावायला ते उठले नाहीत. उठताना गुडघे वाजायचे.

संध्याकाळी वायर आली. बटण दाबलं, तसा सुंदरम्माचा आवाज घोगरा झाला आणि बंदच पडला. फीत आत गुंडाळली गेली होती. सोडवता सोडवता ती सिद्धाप्पांच्या हातात तुटली. चुरगळलेल्या फितीचा गुंता मांडीवर घेऊन ते कितीतरी वेळ बसून राहिले.

"चाचणी हाय की, मामा," चंद्रिका हळूच म्हणाली. तिनं लॅपटॉपवर उतरलेल्या चाचणीची नुसती सुरुवात लावून पाहिली. आवाज स्वच्छ होता. तेव्हा कुठं दोघं जेवली.

पुण्यस्मरणाला घर भरलं. भजन सुरू झालं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि दुसऱ्या कडव्याला एक जाडाभरडा पुरुषी आवाज सुंदरम्माच्या मागं धावत सुटला.

"ह्यो कोण मधीच?" सुंदरम्माची बहीण राजाबाईनं विचारलं.

चंद्रिकेनं सासऱ्यांकडं पाहिलं.

"मी गप बसलो होतो," सिद्धाप्पा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"अक्का असती तर दटावलं असतं की! बेताल म्हणून जन्मात गाऊ दिलं न्हाय तुमाला."

रडता रडता सगळे हसले. सिद्धाप्पा हसले नाहीत. "तिचं एवढंच राहिलं होतं," ते म्हणाले, "तेबी मी नासवलं."

"नासवलं कुटं?" राजाबाईनं नाक पुसलं. "लाव गं परत. ह्या दोघांना जोडीनं गाताना आमी कधी ऐकलं न्हाय."

चंद्रिकेनं पुन्हा लावलं. या वेळी सिद्धाप्पांनी उपरणं तोंडावर घट्ट दाबून धरलं. दुसऱ्या कडव्याला ते आपोआप खाली आलं. आता सुंदरम्माच्या मागं दोन सिद्धाप्पा गात होते, आणि दोघंही वेगवेगळ्या ठिकाणी ताल चुकत होते.